चीज बोर्डाची डावी बाजू

पान वाढताना आपण सुरुवात डावीकडून करतो. आधी मीठ, मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. भाजी, आमटी, भात, पुरणपोळी यांची पाळी नंतर येते. डावीकडच्या कशानेही पोट भरत नाही. त्या सगळ्याचं काम उजवीकडच्या घासाला चव आणण्याचं. लिंबू नसेल तर वरणभात फिका लागतो, लोणचं नसेल तर दहीभात चार घासांत पुरे होतो.

नाताळ ते नवं वर्ष या आठवड्यात मी दर वर्षी घरी चीज बोर्ड मांडते, आणि दर वर्षी मला हे पान आठवतं. आपल्याकडे बोर्ड मांडणाऱ्यांची हौस मोठी असते, पण सगळा पैसा आणि सगळा विचार उजव्या बाजूवर खर्च होतो. सहा-सात प्रकारचं महागडं चीज आणायचं, आणि डावीकडे क्रॅकरचं एक पाकीट नि मिळतील ती द्राक्षं. पाहुणे पहिल्या दहा मिनिटांत कौतुक करतात, मग बोर्ड तसाच पडून राहतो. कारण चीज हा खारट आणि स्निग्ध पदार्थ आहे. जिभेवर त्याचा थर बसतो. तो थर कापणारं आंबट, खारटपणा मऊ करणारं गोड आणि दाताखाली कुरकुरणारं काही शेजारी नसेल, तर तिसऱ्या तुकड्यानंतर कोणतंच चीज नीट कळत नाही.

तेव्हा उजवी बाजू आवरती घ्या आणि डावीकडे लक्ष द्या. डिसेंबरात आपल्या बाजारात आणि घरच्या बरण्यांत त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं असतं.

तीनच प्रकार घ्या

एक मऊ, एक मुरलेलं, एक निळं. नंतर जेवण असेल तर माणशी ५० ते ६० ग्रॅम चीज पुरतं. बोर्ड हेच जेवण असेल तर १०० ते १२० ग्रॅम धरा. आठ माणसांसाठी जेवणाआधीचा बोर्ड असेल तर मी मऊ आणि मुरलेलं प्रत्येकी १७५ ग्रॅम आणते, निळं १०० ग्रॅम. निळ्याचं वजन कमी, कारण ते सगळे खात नाहीत आणि खाणारेही थोडंच खातात.

मऊ म्हणजे ब्री किंवा कामाँबेर. ब्री पॅरिसच्या पूर्वेकडच्या मुलखातलं, कामाँबेर नॉर्मंडीतलं. दोन्हींवर पांढरी मखमली लव असते. ती बुरशीची असते, मुद्दाम वाढवलेली, आणि खायची असते. हे चीज बाहेरून आत पिकत जातं, त्यामुळे मधोमध बोटाने दाबून पाहावं. पिकलेल्या चिकूसारखं दबलं तर तयार आहे. मध्यभागी खडूसारखा कोरडा पांढरा पट्टा असेल तर त्याला अजून काही दिवस हवेत. जास्त पिकलं की अमोनियाचा वास येतो. उघडताक्षणी किंचित वास आला आणि थोड्या वेळाने उडून गेला तर हरकत नाही. एकदा मुदत संपत आलेलं ब्री सवलतीत मिळालं म्हणून मी आणलं. अर्धा तास उघडं ठेवूनही वास हटेना, आणि पाहुणे दारात असताना सगळं टाकावं लागलं. मऊ चीज सवलतीत घ्यायचं असेल तर त्याच दिवशी खाण्यासाठी घ्या, समारंभासाठी नको.

मुरलेलं म्हणजे जुनं गौडा किंवा जुनं चेडर. लोणच्यासाठी आपण जो शब्द वापरतो तोच इथे चपखल बसतो, कारण इथेही चव येते ती केवळ वेळ दिल्याने. दीड वर्षाच्या पुढचं गौडा खाताना कॅरॅमलची आठवण होते आणि दाताखाली बारीक पांढरे खडे लागतात. पुष्कळांना ते मीठ वाटतं. ते मीठ नसतं. प्रथिनं विघटित होताना सुटलेल्या टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे ते स्फटिक असतात आणि चीज नीट मुरल्याची ती खूण आहे. डच लोक आणखी एक गोष्ट करतात, जी आपल्याला लगेच पटते: लायडनच्या चीजमध्ये ते जिरं घालतात, आणि मेथीदाणे घातलेलं गौडाही त्यांच्याकडे मिळतं. मेथीमुळे त्याला अक्रोडासारखी चव येते. जिऱ्याचं गौडा मिळालं तर पहिल्यांदा चीज बोर्ड पाहणाऱ्या आजी-आजोबांसमोर तेच ठेवा.

निळं चीज सर्वांत खारट आणि सर्वांत तीव्र. फ्रान्सचं रोकफोर मेंढीच्या दुधाचं, इटलीचं गॉर्गोन्झोला आणि इंग्लंडचं स्टिल्टन गाईच्या. घरात कोणी पहिल्यांदाच चाखणार असेल तर गॉर्गोन्झोलाचा मऊ, गोडसर प्रकार घ्या, ज्याला दोल्चे म्हणतात. रोकफोरने सुरुवात केली तर तो माणूस पुन्हा निळ्याकडे वळेल याची खात्री नाही.

चौथं काही ठेवायचंच असेल तर ताजं ठेवा, आणि त्यासाठी दुकानात जायची गरज नाही. श्रीखंडासाठी टांगतो तसा चक्का टांगा. पाणी पूर्ण निथळायला दहा-बारा तास लागतात. मुंबई-कोकणातल्या हवेत तो रात्रभर बाहेर ठेवला तर आंबट होतो, म्हणून चाळणीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा. मग त्यात चवीपुरतं मीठ घाला, लिंबाएवढे गोळे करा आणि भरडलेल्या मिऱ्यात किंवा भाजलेल्या तिळात घोळवा. लेबनॉन-सीरियाकडे याच पदार्थाला लबने म्हणतात आणि तिथल्या न्याहारीत तो मानाचा असतो. मुंबईत राहणाऱ्यांना पारशी घरांतलं टोपली पनीरही मिळू शकतं. छोट्या टोपल्यांत लावलेलं, स्वतःच्याच पाण्यात तरंगणारं, अगदी नाजूक. नावात पनीर असलं तरी ते दूध फाडून करत नाहीत, रेनेटने गोठवतात.

शाकाहारी पाहुण्यांसाठी

रेनेटचा विषय आपल्या घरांत टाळून चालत नाही. चीज करताना दूध गोठवण्यासाठी रेनेट लागतं, आणि पारंपरिक रेनेट वासराच्या, कोकराच्या किंवा करडाच्या जठरातून काढतात. पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज नियमानुसारच वासराच्या रेनेटने बनतं. रोकफोरलाही प्राणिज रेनेट असतं, आणि टोपली पनीरच्या जुन्या रीतीतही. भारतात बनणाऱ्या बहुतेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेट वापरतात. वेष्टनावर हिरवा ठिपका पाहा, आणि सुटं चीज घेत असाल तर विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर ते शाकाहारी पाहुण्याच्या पानात वाढू नका. तो पाहुणा स्वतः विचारणार नाही, संकोचेल. म्हणून ही जबाबदारी यजमानाची.

आपल्या देशात चांगलं चीज होत नाही ही समजूत आता सोडायला हवी. पुण्यात एबीसी फार्म्सचं चीज लोक वर्षानुवर्षं खात आले आहेत. ऑरोव्हिलमध्ये होतं, हिमालयाच्या पायथ्याशी होतं. मुंबईत ब्री आणि कामाँबेरच्या धर्तीवर 'बॉम्ब्री' आणि 'कॅमेम्बे' अशी नावं धारण केलेली चीज बनतात. मुंबईच्याच एलेफ्थेरिया या चीज बनवणाऱ्या कंपनीच्या ब्रूनोस्टला २०२१ च्या जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळालं. ब्रूनोस्ट हे मूळ नॉर्वेचं तपकिरी चीज. चीज करून उरलेलं पाणी आटवत राहिलं की त्यातली साखर खरपूस होते आणि गडद रंगाची वडी जमते. साताऱ्याचा कंदी पेढा जरा खारट असता तर कसा लागला असता, तशी त्याची चव. ज्यांना चीज अजिबात आवडत नाही अशा दोघांना मी हे खाऊ घातलं आहे आणि दोघांनीही परत मागितलं. त्याचे जाड तुकडे करू नका, सुरीने पातळ पापुद्रे काढा.

प्रोसेस्ड चीजचे चौकोन मात्र या बोर्डावर नकोत. चीज वितळवून, क्षार घालून, पुन्हा घट्ट केलेला तो पदार्थ सँडविचमध्ये चांगला लागतो. पण त्याची चव सगळीकडे एकसारखी असते, आणि बोर्डाची सगळी गंमत वेगळेपण चाखण्यात आहे.

आता डावी बाजू

स्पेनमध्ये मँचेगो नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज असतं. त्याच्याबरोबर क्विन्स या फळाची घट्ट, लालसर वडी देतात. खारट चीजचा पातळ काप, त्यावर तेवढाच वडीचा काप, बस. पोर्तुगालमध्ये क्विन्सला मार्मेलो म्हणतात, त्याच्या वडीला मार्मेलाडा. इंग्रजीतला मार्मलेड शब्द तिथूनच आला. पोर्तुगीज जिथे गेले तिथे क्विन्स मिळेना, पण पेरू मिळाला. ब्राझीलमध्ये पेरूची वडी आणि पांढरं चीज एकत्र खातात आणि त्या जोडीला रोमिओ-ज्युलिएट म्हणतात. गोव्यात तीच वडी पेराद झाली. वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळात करंज्या आणि कलकलांच्या शेजारी ती असतेच. इंग्रजीत तिला गव्हा चीज म्हणतात, पण तिच्यात चीजचा कणही नसतो. गव्हा चीज आणि खरं चीज आपल्याकडे सहसा एका ताटात येत नाहीत, याचं मला नवल वाटतं. पेराद आणि जुनं गौडा ही माझ्या बोर्डावरची पहिली जोडी, आणि बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

करायला एक संध्याकाळ लागते. एक किलो पिकलेले, वासाचे पेरू घ्या. फार मऊ नकोत. दोन-तीन जरा करकरीत असले तर वडी चांगली धरते, कारण कच्च्या फळात पेक्टिन जास्त असतं. चार फोडी करून थोड्याशा पाण्यात कुकरला दोन शिट्ट्या द्या. निवल्यावर पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून गर काढा. बी एकही राहू देऊ नका, नाहीतर दाताखाली येऊन सगळा घास बिघडतो. गर मोजा आणि त्याच्या पाऊणपट साखर घाला. पारंपरिक पाककृतींत गराइतकीच साखर असते आणि फराळासाठी ते ठीक, पण चीजबरोबर खायची वडी कमी गोड बरी. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहा. दाट झाल्यावर गर उडतो आणि हात भाजतो, म्हणून लांब दांड्याचं उलथनं घ्या. पाऊण-एक तासात रंग गडद होतो आणि गोळा कढईच्या कडा सोडू लागतो. तेव्हा एका लिंबाचा रस आणि चमचाभर लोणी घाला, आणखी दोन-चार मिनिटं ढवळा. थंड बशीवर थेंब टाकून पाहा: बोटांत धरून गोळी वळली की झालं. तूप लावलेल्या ताटात अर्धा इंच जाड थापा, रात्रभर सुकू द्या, सकाळी वड्या पाडा. बटर पेपर घालून डब्यात ठेवल्या तर कित्येक दिवस टिकतात. गोव्यात काही जण लाल रंग घालतात. गुलाबी गराचे पेरू घेतले तर त्याची गरज पडत नाही.

दुसरी जोडी जुन्या चेडरची, आणि तिच्यासाठी माळ्यावरची बरणी उतरवा. इंग्रज चेडरबरोबर चटनी खातात, गोड-आंबट आणि मसालेदार, आणि तो शब्दही त्यांनी हिंदुस्थानातूनच नेला. त्यांच्या दुकानातली आंब्याची चटनी म्हणजे आपल्या गुळांब्याची दूरची नातेवाईक. उन्हाळ्यात घातलेला गुळांबा किंवा साखरांबा डिसेंबरपर्यंत चांगला मुरलेला असतो. त्यातली वेलची-लवंग, कैरीचा आंबटपणा आणि चेडरचा तिखटसर खारटपणा एकमेकांना असे धरतात की आणखी कशाची गरज राहत नाही. वाटीत काढताना पाक निथळून घ्या, नाहीतर बोर्डभर पसरतो. तेलाचं, मोहरीचं लोणचं मात्र नको. मोहरीची डाळ आणि हिंग यांपुढे कोणतंही चीज टिकत नाही. लसणाच्या चटणीचंही तेच. शेंगदाण्याची कोरडी चटणी चालते, पण ती फक्त सौम्य गौडाबरोबर आणि चिमूटभरच.

निळ्याला गोड जोडीदार हवाच. इंग्लंडमध्ये नाताळला स्टिल्टनबरोबर पोर्ट ही गोड वाइन घेतात ती याच कारणासाठी: गोडाने खारटपणाची धार बोथट होते. आपल्याकडे पुरंदरचं अंजीर आहे. हिवाळ्यात ताजं मिळालं तर उभे चार भाग करून ठेवा. मिळालं नाही तर सुकं अंजीर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, पुसून कोरडं करा. वर महाबळेश्वरच्या मधाचा एक थेंब, आणि सोबत अक्रोड. मध जांभळीचा असेल तर उत्तम, कारण त्याची हलकी कडसर चव निळ्याला फार शोभते. यंदाचा मोरावळा झाला असेल तर तोही या कोपऱ्यात ठेवून पाहा.

ब्री आणि कामाँबेरला गोडापेक्षा आंबट आणि कुरकुरीत जास्त मानवतं. त्यासाठी महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, जिला खांद्याशी अजून थोडा पांढरा रंग आहे अशी. वर मिरपूड भुरभुरवा. आणि ब्रून पाव. इराणी बेकरीतला कडक कवचाचा ब्रून कापून तव्यावर जरा शेकला, त्यावर पाघळलेलं ब्री लावलं, तर सुपरमार्केटच्या परदेशी क्रॅकरची आठवणही येत नाही. गोव्यात असाल तर पोई घ्या. तिच्यातला कोंडा चीजला छान आधार देतो.

मुरलेल्या चीजसाठी सोलापूरची कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ आणि पूर्ण सुकी. तिला लोण्याचा वास नाही, साखर नाही, फक्त धान्याची आणि भाजल्याची चव आहे. चीजखाली याहून चांगलं काही घालता येईल असं मला वाटत नाही. खारी आणि नानकटाई टाळा, कारण चीजमध्ये स्निग्धता आधीच भरपूर असते. फळांचा नाताळचा केक मात्र जरूर ठेवा. यॉर्कशरमध्ये तो वेन्सलिडेल नावाच्या भुसभुशीत चीजबरोबर खातात. आपल्याला ते मिळालं नाही तर चेडरचा काप चालतो.

फळांबद्दल एक सावधगिरी. डिसेंबरात बाजारात येणारी पहिली द्राक्षं बऱ्याचदा आंबट असतात. नाशिकचा खरा बहर नंतर येतो. चाखल्याशिवाय घेऊ नका, केवळ शोभेसाठी घोस ठेवू नका. संत्र्याच्या सोललेल्या फोडींचा रस वाहतो आणि भाकरी मऊ पडते, म्हणून त्या वेगळ्या वाटीत. बाकी वेंगुर्ल्याचे भाजलेले काजू, बिनमसाल्याचे, आणि व्हिनेगरमध्ये तासभर मुरवलेल्या कांद्याच्या चकत्या. एवढं खूप झालं.

पेयांत नाशिकची गोड वाइन निळ्याबरोबर चांगली जाते, फेसाळती वाइन मऊ चीजबरोबर. तुरट लाल वाइन आणि ब्री एकत्र घेतलं तर तोंड कडवट होतं, ते टाळा. न पिणाऱ्यांसाठी कमी साखरेचं कोकम सरबत किंवा बिनदुधाचा दार्जिलिंग चहा द्या. दोन्ही जिभेवरचा थर साफ करतात.

थंडपणा हा चीजचा शत्रू

फ्रिजमधून काढलेलं चीज तसंच समोर ठेवलं तर निम्मी चव वाया जाते. थंडीत त्यातली स्निग्धता घट्ट राहते आणि वास मोकळा होत नाही. युरोपातली पुस्तकं तासभर आधी बाहेर काढायला सांगतात, पण ती तिथल्या हिवाळ्यासाठी. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात मुरलेलं चीज पाऊण तास आधी काढा, मऊ आणि निळं अर्धा तास. मुंबई, वसई, गोवा इथे मऊला वीस मिनिटं पुरतात. नाहीतर ते बशीभर पसरतं. चक्का आणि टोपली पनीर अगदी शेवटी काढा. या वेळात चीज उघडं ठेवू नका, वर जरा ओलसर मलमलचं फडकं टाका.

कापायचं मात्र थंड असतानाच, कारण तेव्हा काप नीट पडतात. ब्रीची चकती केकसारखी, मध्यापासून कडेपर्यंत. तिकोनी तुकडा मिळाला असेल तर त्याचं टोक कापून घेऊ नका. टोकाशी साल सर्वांत कमी असते. तो एकानेच नेला तर पुढच्यांच्या वाट्याला साल जास्त येते. लांब, निमुळते काप केले की प्रत्येकाला थोडं मधलं, थोडं कडेचं मिळतं. गौडावरचं मेण आणि चेडरवरचं कापड काढून टाका. जुनं चीज सुरीने सरळ कापण्यापेक्षा टोचून खडबडीत तुकडे पाडले तर जास्त चविष्ट लागतं. निळं सुरीला चिकटतं. ताणलेल्या स्वच्छ दोऱ्याने छान कापलं जातं. आणि प्रत्येक चीजला वेगळी सुरी. निळ्याची सुरी ब्रीत गेली की ब्रीची चव संपली.

बोर्ड म्हणून पोळपाट वापरायचा असेल तर तेला-हळदीचा वास नसलेला घ्या. सागवानी पाट किंवा कडाप्प्याचा तुकडा त्याहून बरा. दगड गार राहतो आणि मऊ चीज लवकर पाघळत नाही. पितळेचं ताट सुंदर दिसतं, पण कल्हई नसेल तर आंबट पदार्थ त्यावर ठेवू नयेत. केळीचं पान धुऊन, कोरडं पुसून खाली घातलं तर नाताळचा हिरवा रंगही आपोआप येतो.

मांडताना प्रत्येक चीजचा जोडीदार त्याच्या अगदी लगत ठेवा, म्हणजे पाहुण्याला विचारावं लागत नाही. सौम्यापासून तीव्राकडे जाऊ द्या: चक्का, ब्री, गौडा किंवा चेडर, सर्वांत शेवटी निळं. छोट्या चिठ्ठ्यांवर नाव, कोणत्या दुधाचं आणि हिरवा ठिपका आहे की नाही हे लिहून टोचा. बोर्ड गच्च भरू नका. सुरी चालवायला जागा लागते, आणि निम्मं चीज आत ठेवून मधे एकदा भर घातलेली चांगली. दोन तासांपेक्षा जास्त वेळ काहीही बाहेर राहू नये.

पाहुण्यांत कोणी गरोदर असेल तर तिला ब्री, कामाँबेर, निळं आणि कच्च्या दुधाचं कोणतंही चीज देऊ नका. मऊ चीजमध्ये लिस्टेरिया नावाचा जंतू वाढू शकतो आणि गरोदरपणात तो धोकादायक असतो. तिच्यासाठी पाश्चराइज्ड दुधाचं जुनं गौडा किंवा चेडर ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. दूध न पचणाऱ्यांना मुरलेलं चीज बहुधा सोसतं, कारण दुधातली साखर पाण्याबरोबर निघून जाते आणि उरलेली मुरताना संपते. पण ते त्यांनी स्वतः ठरवावं.

उरलेलं चीज चिकट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं की घुसमटतं आणि त्याला घाम सुटतो. बटर पेपरमध्ये गुंडाळा, डब्यात घाला, भाज्यांच्या खणात ठेवा. निळ्याचा डबा वेगळा. मुरलेल्या चीजवर नंतर नको ती बुरशी दिसली तर तिच्या आजूबाजूचा इंचभर भाग कापून बाकीचं खाता येतं. मऊ चीजवर दिसली तर सगळं टाका. चेडरचे तुकडे ज्वारीच्या भाकरीवर किसून तव्यावर झाकण ठेवून वितळवा, वर उरलेला गुळांबा घाला. आमच्याकडे मुलं २६ डिसेंबरच्या सकाळची वाट त्यासाठीच पाहतात.

चीज आदल्या दिवशी आणलं तरी चालतं, फळं त्याच सकाळी. पेरादला मात्र शिजायला, सुकायला आणि जरा मुरायला चार दिवस हवेत. नाताळचा बोर्ड मांडणार असाल तर पेरू २० डिसेंबरलाच आणा.